बिराजदार सरांचं सावलीतलं रान

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. चनमल्लप्पा बिराजदार सरांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. विजापूर रोडच्या आतल्या एका गल्लीच्या टोकाला त्यांचं बैठं घर, आणि घरामागं जे काही उरलं होतं त्याला अंगण म्हणायला मोठं मन लागायचं. एकीकडं रुंद, दुसरीकडं निमुळतं होत गेलेलं. खाट टाकली तर उशाला मोरी आणि पायाला भिंत. भिंतीपलीकडं, दक्षिणेला, बनसोड्यांचं तीन मजली घर. त्यामुळं ऊन तिथं घाईतल्या पाहुण्यासारखं यायचं, तेही फक्त उन्हाळ्यात, आणि चहासुद्धा न घेता निघून जायचं.

आता सोलापुरात फुकटची सावली मिळतेय म्हटल्यावर माणसानं सिद्धेश्वराला नारळ फोडावा. मे महिन्यात इथं कुत्रीसुद्धा गाडीखालची जागा धरून ठेवतात. सरांच्या बायकोला, राजेश्वरीबाईंना, त्या सावलीचं मोल ठाऊक होतं. दुपारची भांडी झाली की त्या मागच्या पायरीवर पाठ टेकायच्या. मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं होतं, कोपऱ्यात पुदिना होता, आणि कुणीतरी दिलेला नागवेलीचा तुकडा त्यांनी खोचून ठेवला होता तो पाइप धरून पार गच्चीपर्यंत गेला होता. बाईंनी यातलं काही ‘लावलं’ नव्हतं. फेकलं आणि आलं. त्यामुळंच बहुधा सरांच्या लेखी ती बाग नव्हती, घाण होती.

सर विज्ञानाचे मास्तर. बत्तीस-तेहतीस वर्षं एकाच हायस्कुलात प्रकाशसंश्लेषण शिकवलं. पानात हरितद्रव्य असतं, त्याला सूर्यप्रकाश लागतो, त्याशिवाय अन्न तयार होत नाही, हे त्यांनी इतक्या पोरांकडून घोकून घेतलं होतं की निवृत्त होताना स्वतःजवळ काही शिल्लक ठेवलं नसावं. नाहीतर पुढं जे झालं ते झालं नसतं.

झालं ते येळवसमुळं. ज्यांच्याकडं ही येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, नसते त्यांना सांगायला हवं. थंडीच्या ऐन भरात ही अमावस्या येते. त्या दिवशी आमच्याकडं, विशेषतः अक्कलकोट-वळसंगच्या बाजूला, ज्याला म्हणून रान आहे तो बायकापोरांसकट आपल्या रानात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची खोप घालायची, आत पाच दगडांना चुना फासून पांडव म्हणून मांडायचे, आंबील, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे आणि दहा प्रकारच्या शेंगा-भाज्यांची भज्जी करायची, उभ्या पिकात आंबिलीचा चर, म्हणजे नैवेद्याचे शिंतोडे, शिंपायचा आणि मग बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला घालायचं. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जेवतो. यात लाज नसते. म्हणजे आपलं रान कधीच नव्हतं त्याला नसते. ज्याचं होतं आणि त्यानं विकलं, त्याची गोष्ट निराळी.

सरांनी विकलं होतं. वळसंगच्या वडिलोपार्जित रानातला आपला वाटा चुलतभाऊ प्रभुला देऊन सोलापुरात हे घर बांधलं होतं. तेव्हा सगळ्यांना म्हणाले होते, “शिकलेल्या माणसाला मातीत हात घालून काय मिळतं?” उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यानंतर दरवर्षी येळवसला सर जोडीनं प्रभुच्या रानात जेवायला जायचे, म्हणजे स्वतःच्याच जुन्या रानात पाहुणा म्हणून.

इतकी वर्षं ते खपलं. मागच्या येळवसला मात्र प्रभुनं सरांच्या ताटात उंडा मोडून वर तुपाची धार धरली आणि भरल्या पंगतीत प्रेमानं म्हणाला, “खावा अण्णा, पोटभर खावा. रान नसलेल्या माणसाला येळवसला घातलं की रानाला बरकत येती, आमचे अप्पा म्हणायचे की.”

प्रभुच्या मनात पाप नव्हतं. तूपही घरचं होतं. पण सरांच्या घशात तो उंडा जो अडकला तो आंबिलीनंही खाली जाईना. रान नसलेला माणूस! ज्या बांधावर आपण चड्डीत हिंडलो त्याच बांधावर आपल्याला जेवू घालून हा पुण्य मिळवतोय! सरांनी हात झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “पुढच्या येळवसला तुम्ही सगळे माझ्याकडं. माझ्या रानात.”

राजेश्वरीबाईंनी घास हातातच धरून विचारलं, “कुठल्या?”

“घरामागच्या,” सर म्हणाले.

परतीच्या एसटीत बाईंनी एकदाच समजवायचा प्रयत्न केला. “अहो, तिथं दोरीवरचं धोतर दोन दिवस वाळत नाही. तिथं काय पिकणार?” सरांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं की बायकांना शेतीतलं काय कळतं. बाईंचं माहेर तीस एकराचं. सर मात्र शेवटचं औत धरायला गेले होते ते नववीत, आणि तेव्हा बैलानं त्यांना बांधाला नेऊन सोडलं होतं. पण ते असो.

एक खरं, की तो हट्ट नुसता हट्ट नव्हता. घरी आल्यावर सर बराच वेळ मागच्या दारात उभे होते. मग हळूच म्हणाले, “राजू, मरायच्या आत एकदा आपल्या मातीवर चार माणसं जेवू देत. एकदाच. नाहीतर दरसाल त्याचा उंडा खायचा आणि त्याला पुण्य द्यायचं.” बाईंना हसायचं होतं. पण हसल्या नाहीत. ‘राजू’ अशी हाक त्यांनी बऱ्याच वर्षांनी ऐकली होती.

तर काम सुरू झालं. पहिल्यांदा एका नर्सरीवाल्याला बोलावलं. त्यानं अंगणात चारी बाजूंना मान फिरवली आणि पाच मिनिटांत निदान केलं, “सर, इथं ऊन नाही. इथं प्लास्टिकचं गवत टाका. मधे पांढरे गोटे. कोपऱ्यात दगडी बेडूक ठेवू, त्याच्या तोंडातनं पाणी पडतं.” ज्या घरात नळाला पाणी आलं की बादल्यांची पळापळ व्हायची, तिथं बेडूक चूळ भरत बसणार होता. राजेश्वरीबाई आतून म्हणाल्या, “बेडूक राहू दे. त्याला म्हणावं, पाणी कुठनं आणतोस तेवढं सांग.” नर्सरीवाला गेला. जाताना सरांच्या गळ्यात दोन मनीप्लांट मारून गेला.

मग सरांनी ठरवलं, आपणच शास्त्रीय पद्धतीनं करू. मे महिना होता. सर टोपी घालून, हातात चुन्याचा डबा घेऊन अंगणात बसले आणि ऊन जिथं जिथं पडेल तिथं रेघ मारू लागले. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो. भर दुपारी बनसोड्यांच्या घराची सावली त्यांच्याच भिंतीच्या पायाशी गोळा व्हायची आणि अंगणात लख्ख ऊन पडायचं. सर हरखले. निम्म्याहून जास्त अंगण चुन्यानं पांढरं झालं. “बघ,” त्यांनी बायकोला दाखवलं, “एवढं ऊन आहे! इतकी वर्षं कुणी मोजलंच नाही.”

बाईंनी बघितलं. मान हलवली आणि पायरीवरची आपली चटई उचलून आत गेल्या, कारण चटईवर आता ‘ऊन’ होतं.

त्यानंतर फरशी उखडली. अळू उपटलं, पुदिना खणून काढला. नागवेल तेवढी वाचली, कारण बाई पाइपला पाठ लावून उभ्या राहिल्या. मोरीच्या पलीकडच्या खाचेतले अळूचे चार कांदे वाचले, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून. मग काळी माती आली. कुठली? वळसंगची. सरांनी प्रभुला फोन करून मागितली. प्रभु म्हणाला, “घेऊन जावा की अण्णा, तुमचीच हाय.” पुन्हा तेच पुण्य! पण माती बाजारातली चालणार नव्हती. टेम्पो गल्लीत शिरेना म्हणून माती तोंडाशीच ओतली गेली आणि सरांनी ती घमेल्यानं वाहिली. पहिल्या जोरदार पावसात तिचा जो चिखल झाला त्यात बाईंची चप्पल रुतली ती दिवाळीपर्यंत सापडली नाही.

सप्टेंबरात सरांनी मालदांडी ज्वारी पेरली. हो, ज्वारी. मोरीच्या कडेला. बाकी काही लावलं तर ती बाग झाली असती, आणि सरांना रान हवं होतं. येळवसला चर शिंपायचा तो काय मनीप्लांटवर?

ज्वारी उगवली. सरांनी गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आणि तिथून पुढं ऊन जे गायब झालं ते झालंच. रोज चुन्याच्या रेघा तशाच, आणि त्यांच्यावर ऊन मात्र नाही. सर दुपारी बारा वाजता अंगणात उभे राहून वर बघायचे आणि त्यांना फक्त बनसोड्यांच्या तिसऱ्या मजल्याचा कठडा दिसायचा.

त्या कठड्यावर एक दिवस धम्मप्रिया उभी होती. सतीश बनसोडेची मुलगी, आता बँकेत लागलेली, पण नववी-दहावीला सरांच्याच वर्गात होती. ती वरून आदरानंच म्हणाली, “सर, दक्षिणायन लागलं ना. सूर्य आमच्या घरामागं गेला. आता फेब्रुवारीपर्यंत यायचा नाही. तुम्हीच शिकवलं होतं, ग्लोब आणि बॅटरी घेऊन.”

शिष्य पुढं गेला की गुरूला आनंद होतो म्हणतात. सरांना झालेला दिसला नाही.

पण बिराजदारांचं रक्त! सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. सूर्य येत नाही ना, मग त्याला आणू. सरांनी घरातल्या तीन स्टीलच्या पराती घासूनपुसून आपल्या गच्चीच्या पुढच्या कठड्याला तारेनं बांधल्या. गच्चीवर पडणारं ऊन परातीवरून मागं अंगणात वळवायचं, असा प्रयोग. त्या दिवशी संध्याकाळी भाकरीच्या वेळी राजेश्वरीबाई घरभर परात शोधत होत्या. “पीठ कशात मळू? सूर्यात?” असं त्यांनी विचारल्याचं गल्लीनं ऐकलं.

आणि ऊन अंगणात उतरलंच नाही. ते थेट बनसोड्यांच्या स्वयंपाकघरात घुसलं. दुसऱ्या दिवशी सतीशची आई, मुक्ताबाई, डोळ्यांवर पदर धरून खिडकीत आली. सत्तरी ओलांडलेली बाई, आवाज खणखणीत. “ओ गुरुजी! त्यो सूर्य जरा तिकडं घ्या की! आमचा आमाला पुरतोय!”

सरांचं डोकं सणकलं. उन्हाचा राग, ज्वारीचा राग, ग्लोबचा राग, सगळा एकदम बाहेर आला. “तुम्हीच खाल्लंत माझं ऊन!” ते ओरडले. “तीन-तीन मजले चढवायचे, आणि वर आम्हालाच सांगायचं!”

सतीश तेवढ्यात कामावरून आला होता. फिटर माणूस, बोलायला मोजका. तो खिडकीतून शांतपणे म्हणाला, “सर, तिसरा मजला चढवला तवा तुमीच म्हणाला होता, बरं झालं सतीश, आमच्या मागं सावली झाली.”

हे खरं होतं. त्या वर्षी मेमध्ये सर असं म्हणाले होते, शिवाय सतीशला ताक पाजलं होतं. आता माणसाला आपलं बोलणं इतकं लक्षात ठेवणारे शेजारी मिळाले तर त्यानं काय करावं? सरांनी पराती काढल्या आणि त्या दिवसापासून बनसोड्यांकडं बघणं सोडलं. भिंत एक आणि बोलणं बंद. मुक्ताबाई मात्र रोज गच्चीवर वाळवण राखायला बसायची आणि वरून सरांची शेती बघायची. तिला टीव्हीपेक्षा ते बरं वाटत असावं.

ज्वारीनं आपल्या परीनं केलं. उजेड शोधत शोधत ती नुसती उंच गेली, पिवळी, लांबट, वाऱ्याशिवायच हलणारी. कणसाचं नाव नाही. पिकाचं एकेक ताट आडवं व्हायला लागलं, तसं सर त्यांना सुतळीनं काठ्यांना बांधू लागले. डिसेंबरअखेर रानात ज्वारी कमी आणि काठ्या जास्त झाल्या. मोरीच्या खाचेतलं अळू मात्र पुन्हा हातभर पसरलं होतं. सरांनी तिकडं पाठ केली होती.

येळवस जवळ आली तशी सरांनी आमंत्रणं सुरू केली. आमंत्रणं कुणाला, तर ज्याच्या ज्याच्या रानात आजवर जेवले त्या प्रत्येकाला. प्रभु, अक्कलकोटचे मेव्हणे, तांदूळवाडीचे भाचेजावई. फोनवर सगळे गोड बोलले. “व्हय अण्णा.” “बघू की अण्णा.” “मनात तर लई हाय अण्णा.” सरांनी यादी बाईंना सांगितली आणि तीस माणसांचा स्वयंपाक करायला सांगितला.

बाईंनी तोंड उघडलं, “अहो, पण त्या दिवशी—”

“तू गप. बायकांना शेतीतलं काय कळतं?”

तोच टोमणा दुसऱ्यांदा ऐकल्यावर समजावत बसणं बाईंनी कधीचंच सोडून दिलं होतं. त्यांनी तीस माणसांच्या शेंगा सोलायला घेतल्या.

गल्लीतल्या कुणाला बोलवायचं सरांना सुचलं नाही. बनसोड्यांना तर नाहीच. जातीबितीचं काही नव्हतं हो! शाळेत समतेवरचं भाषण दरवर्षी सरांकडंच असायचं, आणि ते डोळ्यांत पाणी आणून बोलायचे. आता भांडण होतं हे खरं. पण त्याच्या आधी वीस वर्षं भांडण नव्हतं, तेव्हाही कधी बोलवल्याचं कुणाला आठवत नाही. राहून गेलं असेल. असं पुष्कळांचं पुष्कळ राहून जातं.

येळवसच्या सकाळी अंगण सजलं. बाजारातून आणलेल्या कडब्याची खोप उभी राहिली. तिच्यात देव बसले की माणसाला वाकूनसुद्धा जाता येणार नव्हतं. पाच दगड चुन्यानं पांढरे केले. चुना होताच घरात, मेपासून. खोपीपुढं चटया अंथरल्या, मातीच्या गाडग्यात आंबील, पातेलंभर भज्जी, परातभर उंडे. रीत अशी की आपल्या रानातलं काहीतरी भज्जीत पडलंच पाहिजे. ज्वारीला कणीस नाही. सर तोंड पाडून उभे होते, तेव्हा बाईंनी न बोलता मोरीच्या खाचेतली अळूची पानं कापली, चिंच जरा जास्त घातली आणि भज्जीत सोडली. सरांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आणि पाहुण्यांची वाट बघणं सुरू झालं. बिराजदारांच्या घरात दुसरी एक रीत होती. येळवसला पाहुण्याच्या ताटात पडल्याशिवाय घरधन्यानं घास घ्यायचा नाही. सर पांढरं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझारा घालत होते. बारा वाजले, एक वाजला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेवटी त्यांनी प्रभुला फोन लावला.

“कुठं आलात?”

“रानात हाय की अण्णा,” प्रभु ओरडून बोलत होता. मागं पोरांचा कालवा आणि भांड्यांचा आवाज. “तुमी कुटं हाय? पंगत बसायलीय, तुमचीच वाट बघायलाव!”

“मी? अरे, तुम्ही येणार होता माझ्याकडं!”

पलीकडचा कालवा जरा लांब गेला. मग प्रभु हळू आवाजात, अगदी समजुतीनं म्हणाला, “अण्णा, आज येळवस हाय. आज मी माझं रान सोडून कसा येणार? ज्याला रान हाय त्यो आज आपल्या रानातच असतोय की. मला वाटलं, तुमी चेष्टा करायलाव.”

सरांनी फोन खाली ठेवला. वर्षभर माती वाहिली, सूर्य मोजला, पराती टांगल्या, तीस माणसं सांगितली. आणि ती नेमकी तीच माणसं, ज्यांना या एका दिवशी दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकता येत नाही. बिराजदारांच्या सात पिढ्यांत हे न कळणारा माणूस झाला नव्हता. सर एकटेच.

“तुला माहीत होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“महिन्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला शेतीतलं काय कळतं?” बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचाच आवाज कापला, कारण सर खोपीपुढं मटकन खाली बसले होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. परातीतले उंडे गार झाले होते. म्हणजे आता जन्मभर प्रभुचाच उंडा. पुढच्या वर्षी जायचं आणि वर सगळ्यांचं हसणंही ऐकायचं.

“गुरुजी!” वरून खणखणीत आवाज आला. मुक्ताबाई कठड्यावरून वाकली होती. “पावणे कुटं हायत?”

सरांनी मान वर केली नाही. “नाही कुणी.”

“अवं मग येवढ्या सैपाकाचं काय?”

राजेश्वरीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि मुद्दाम काही बोलल्या नाहीत. हे बोलणं त्यांचं नव्हतं. मुक्ताबाईनं वरून विचारलं होतं ते सरांना. मग सर उठले, धोतराची माती झटकली, आणि वर बघून म्हणाले, “मावशी, खाली या. जेवायला या.”

“आमी?”

“व्हय, तुमी,” सर म्हणाले. वर्गात बत्तीस वर्षं शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या क्षणी वळसंगच तोंडातून बाहेर आलं.

थोड्या वेळानं बोळातून मुक्ताबाई आली, मागं धम्मप्रिया. मुक्ताबाई धुवट लुगडं नेसून आली होती आणि तिच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता, झाकणासकट. ती अंगणाच्या कडेला, सरांनी बांध म्हणून लावलेल्या विटांच्या रांगेपाशी येऊन थांबली. आत आली नाही. डबा पुढं धरला.

सरांना कळेना. “डबा कशाला?”

“न्यायला की,” मुक्ताबाई म्हणाली. “येळवसला असंच असतंय न्हवं? आमच्या गावाकडं असंच हुतं. आय घेऊन जायची. बांधावर हुबं ऱ्हायचं. पंगत उठली की वाढायचे डब्यात, वरनं, हात न लावता. मग घरी जाऊन खायाचं. लई ग्वाड असायचं. खोपीत आत काय असतंय ते मातर कदी दिसलं न्हाई. लांबनं निस्ता कडबा दिसायचा.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. भाव विचारावा तसं सहज सांगत होती. धम्मप्रिया मात्र खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

सरांना आपला उंडा आठवला. तूप घालून, नाव घेऊन, पंगतीत मधे बसवून वाढलेला. तो गिळता आला नाही म्हणून त्यांनी वर्षभर अख्खं अंगण उलथंपालथं केलं होतं. त्यांना लाज वाटली. त्यांनी मुक्ताबाईच्या हातातून डबा घेतला, पायरीवर ठेवला, आणि खोपीच्या तोंडाशी, अगदी देवांसमोर, चटई ओढून सरळ केली.

“इथं बसा मावशी. इथनं आतलं दिसतं.”

मुक्ताबाई विटा ओलांडून आली, बसली, आणि आधी वाकून खोपीत बघितलं. बराच वेळ बघितलं. “पाच धोंडं?” ती म्हणाली. “येवढंच?”

“एवढंच,” सर म्हणाले.

“आन आमी काय काय समजत हुतो!” ती हसायला लागली, तिच्याबरोबर धम्मप्रिया, मग राजेश्वरीबाई. सरांनी स्वतः वाढलं. उंडा मोडून, वर तूप, भज्जी भरपूर. मुक्ताबाईनं भज्जी तोंडात टाकली आणि डोळे बारीक केले. “अळू हाय यात. हितलंच न्हवं? मी वरनं बघायचे. तुमी उपटायचा आन ते उगवायचं.” मग सरांनी घास घेतला. तो घशात अडकला नाही.

जेवण झाल्यावर बाईंनी वेलीवरची पानं खुडून आणली. मुक्ताबाई पान लावत म्हणाली, “गुरुजी, चर शिंपायचा ऱ्हायलाय की.” सर गाडगं आणि कडुनिंबाचा डहाळा घेऊन उठले. काठ्यांना बांधलेल्या सात-आठ ताटांवर आंबील शिंपली, अळूवर शिंपली. चार पावलांत रान संपलं.

“त्या भिंतीला पन शिंपा,” मुक्ताबाई म्हणाली. “रान तुमचं असलं तरी सावली आमची हाय.”

सरांनी डहाळा बुडवून बनसोड्यांच्या भिंतीवर हात झाडला. भिंतीवर पांढरे ओघळ उतरले आणि वाळल्यावरही तसेच राहिले.

पाहुण्या निघाल्या तेव्हा राजेश्वरीबाईंनी पायरीवरचा तो डबा उचलला. सतीश कामावरून यायचा होता. उंडे, भज्जी भरून द्यावी म्हणून त्यांनी झाकण काढलं. मुक्ताबाईनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि काखेत मारला.

“नगं, भरू नगा,” ती म्हणाली. “त्यो आला की हितंच बसून जेवंल.”

आणि ती नातीचा हात धरून बोळातून गेली. सरांनी चटया उचलल्या नाहीत. खोपीपुढची एक झटकून पुन्हा सरळ केली आणि भज्जीचं पातेलं गरम करायला आत घेऊन गेले.